झालं की कळवा

गॅसवर दूध ठेवून भाजीला जाणारा माणूस आमच्या मांजर्लीच्या सोसायटीत एकच, समोरचे खानविलकर काका. जाताना घराची किल्ली आणि एक चिठ्ठी माझ्या हातात कोंबतात. "कुठून: गॅस. कुठे: ओटा. किती: एक लिटर. झालं की कोणाला कळवायचं: मला." दूध त्यांचं, पहारा माझा. मी काय रिकामटेकडी आहे?

काका एका कंपनीत कॉम्प्युटरच्या अगदी पोटातलं काम करायचे. एका डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर न्यायचं, तेही मागच्या मागे, बाकीची कामं न अडवता. कॉम्प्युटरला या चारच गोष्टी सांगायच्या आणि आपण मोकळं व्हायचं. "वाट बघत बसतो तो गाढव," काका म्हणतात. "सोपवा आणि पुढे चला." काका निवृत्त झाले, चिठ्ठ्या काही झाल्या नाहीत.

एकदा तर सलूनमध्ये डोक्याला कलप लावून घेतला आणि "वाळला की फोन कर" सांगून हा माणूस थेट बँकेत. सलूनवाल्याने फोन करून विचारलं, "काका, डोकं तर तुम्ही घेऊन गेलात, मला इथे काय घंटा कळणार?" बँकेतल्या खुर्चीला अजून डाग आहे म्हणतात.

गेल्या महिन्यात त्यांची एक जुनी डिस्क कुरकुरायला लागली. सुलभाकाकूंना जाऊन पाच वर्षं झाली. लेकीला पाठवायला काकूंनी सांगितलेल्या पाककृती, त्यांच्याच आवाजातल्या, फक्त त्याच डिस्कवर होत्या. दुसरीकडे कुठेच नाहीत. काकांनी नवी डिस्क जोडली आणि काम सुरू केलं.

दुपारी मी डोकावले तर काका प्लॅस्टिकच्या स्टुलावर, पडद्यासमोर. सकाळचा चहा तसाच, साय धरलेला.

"काका, जेवून घ्या की. तुम्हीच लिहिलाय ना तो प्रोग्रॅम? झालं की कळवेल."

"नको. बसतो."

"मग गाढव कोण आता?" मी आपली सवयीने बोलून गेले.

ते हसले नाहीत. "हिच्या ऑपरेशनला मी सिस्टरला नंबर देऊन ऑफिसला गेलो होतो. झालं की कळवा म्हटलं." चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. "कळवलं त्यांनी."

मला माझ्याच जिभेचा राग आला. मी दुसरं स्टूल ओढलं आणि बसले. माझी कणीक मळायची राहिली होती, राहू दे म्हटलं.

चारच्या सुमारास पडद्यावर निरोप आला. सगळं पोचलं होतं, एकही तुकडा चुकला नव्हता. काकांनी पहिलीच फाइल लावली. काकू बासुंदी सांगत होत्या, साखर कधी घालायची, वेलची किती. मध्येच आवाज वळला.

"अहो, दूध वर येतंय. कुठे जाऊ नका, इथे उभे राहा जरा."

काका स्टुलावरून उठले आणि उभे राहिले.