साडूसाठी तापवलेलं पाणी

"आज साडूची सही घेतली नाही, तर विम्याचा धंदाच सोडतो!" एजंटसाहेबांनी सकाळीच बायकोला बजावलं. सासरचं अख्खं गणगोत त्यांनी विम्याखाली आणलं होतं. एकटा साडूच ओल्या साबणासारखा निसटायचा. धंद्याने शिंपी! मरण दारात आलं तरी "पुढच्या मंगळवारी या" म्हणून परत पाठवेल असा!

दुपारी साडूभाऊ आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "आमच्या साध्या आयुष्यात धोका आहेच कुठे?"

"तुमच्या स्वयंपाकघरात!" एजंटसाहेब ताडकन उठले. "मायक्रोवेव्हमधलं पाणी वरून गरीब गाय दिसतं. बुडबुडा नाही, चुळबुळ नाही. पण चमचा लागला की उसळून अंगावर! चला, दाखवतोच."

काचेचा गुळगुळीत, नवाकोरा मग आत गेला. यंत्र वाजलं. साडूंना दाराशी उभं करून एजंटसाहेबांनी हात लांब केला, जीव मुठीत धरला आणि चमचा बुडवला.

काही नाही! पाणी आपलं शहाण्या मुलासारखं बुडबुडत राहिलं. मगात आइस्क्रीमची एक काडी मात्र डोलत होती.

"ही कुणी टाकली?"

"मी. तुम्ही चष्मा शोधत होतात तेव्हा," बायको म्हणाली. "लाकडी काडी असली की पाणी उसळत नाही. कालच तुम्ही मोबाइलवरून वाचून दाखवलंत ना?"

"अगं, पण आज मला ते उसळायलाच हवंय!"

"म्हणजे भावोजींना भाजायचं होतं की काय?"

"मेहुणीबाई," साडू खूश होऊन म्हणाले, "तुम्ही असताना मला विमा कशाला?"

एजंटसाहेबांच्या कानांना पाण्याआधी उकळी फुटली. त्यांनी काडी उपटली आणि तेच पाणी पुन्हा आत ठेवलं, चांगलं जास्त वेळ. काचेचा मग बाहेर आला तो आरशासारखा शांत.

"निजलं वाटतं," साडू म्हणाले. "अंगाई म्हणू का?"

आता इज्जतीचा प्रश्न! लांब राहायचं हे एजंटसाहेब साफ विसरले. "असं कसं?" म्हणत ते मगावर वाकले आणि चमचा घातला.

भुस्स!!

निम्मं पाणी ओट्यावर, उरलेलं चष्म्यावर, बाहीवर आणि मनगटावर! पण एजंटसाहेब आनंदानेच नाचत होते. "पाहिलंत? पाहिलंत ना!"

"नाचा नंतर," म्हणत बायकोने त्यांचा हात खेचून नळाखाली धरला. "चष्मा होता म्हणून डोळे वाचले!"

साडूंचा चेहरा कोऱ्या अस्तरासारखा पांढरा पडला होता. "पटलं हो, पटलं," ते पुटपुटले. "इतकी वर्षं मी गाफील राहिलो. आता चालढकल नाही. आजच घेतो!"

एजंटसाहेबांनी कोरड्या हाताने खिशातलं पेन उपसलं, दातांनी टोपण काढलं. "बोला साडूभाऊ! कोणती घेताय?"

"शिट्टी वाजवणारी किटली," साडू म्हणाले. "आणि एक तुम्हालाही घेतो. तुम्हाला जास्त गरज दिसतेय!"