मुनशीकाकांची तिसरी बोली

आमच्या अमरावतीत मुनशीकाकांसमोर कुणी इंग्रजी शब्द उच्चारला, की ते त्याला तोंड उघडायला लावत. "आ कर. दाताले काई झालं का तुह्या?" असं म्हणत खरोखरच आत डोकावून पाहत. कापूस बाजारातला एक दलाल एकदा ऐटीत त्यांना "गुड मॉर्निंग" म्हणाला. काकांनी भर बाजारात त्याची हनुवटी धरली आणि वैद्याला हाक मारली.

तेजीची वर्षं होती ती. अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली होती, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून साहेब लोक अकोल्या-अमरावतीला येऊन ठेपले होते. गावात ज्याला त्याला इंग्रजी हवी होती. एकटे काका लालबुंद.

"कापूस आमचा, जमीन आमची, गरज त्याची. मंग बोली आमी काहून शिकाची? त्याले म्हना, आधी वऱ्हाडी शिक, मंग भाव इचार!"

काकांचं नाव भगवंतराव. निजामाच्या अमलात ते अकोल्याच्या कचेरीत फारसी मुनशी होते. अंमल इंग्रजांचा झाला, कचेरीतून फारसी गेली आणि तिच्यामागं काकाही घरी आले. तेव्हापासून ते फारसी फक्त आपल्या बैलाशी बोलत. "बिया, जनाब-ए-आली, बिया!" अशा अदबीनं त्याला गोठ्याबाहेर बोलावत. आम्ही हसलो की उसळत. "दहा वर्सं मार खाऊन शिकलो. कोनाशी तरी बोलू द्याल का नाही?"

मी एका अडत्याकडे कारकून होतो. तिथं येणाऱ्या एका साहेबाच्या नजरेत माझा सात वर्षांचा नारायण भरला. पोराला मुंबईला पाठवा, माझ्या माणसाच्या घरी राहील, मोठा होऊन माझ्याच कचेरीत बसेल, असं त्यानं आपल्या मद्रासी कारकुनाकरवी सांगितलं. वय हेच, कोवळं, जीभ वळते, असंही त्याचं म्हणणं. मी आनंदानं गल्लीत साखर वाटली. नारायणाची माय मात्र दोन दिवस चुलीपुढून उठली नाही की बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी काका अनवाणीच आमच्या ओसरीवर चढले.

"लेकरू धाडून राहिला म्हने तू?"

मलाही राग आला. "काका, तुम्ही फारसी शिकलात, जन्मभर तिच्यावर भाकर खाल्लीत. माझ्या लेकानं काहून शिकू नये?"

"शिकू नये कोन म्हन्ते, गाढवा? आत्ताच काहून? अन् मायपासून तोडून काहून?" त्यांनी हातातली काठी जमिनीवर आपटली. मग एकदम खाली बसले.

"मी साहा वर्सांचा होतो. बापानं हैदराबादेले धाडलं. दहा वर्सांनी आलो, तं माय दारात उभी. मी बोललो ते तिले समजेना, ते बोलली ते मले समजेना. गल्ली हासली. मंग माय मले 'तुमी' म्हनाले लागली. पोटच्या पोराले! तुमाले पानी देऊ का? तुमी जेवता का? वऱ्हाडी मी पुन्हा शिकलो बाप्पा, बाजारात बसून, परक्यावानी. पन तिची भीड मोडली नाही. मरेपर्यंत मोडली नाही."

घरात भांड्याचा आवाज थांबला होता. मी म्हणालो, "पण काका, पुढचे दिवस इंग्रजीचे आहेत. ती त्याला लागणारच."

"मंग मी शिकतो, अन् मीच शिकवतो त्याले!" काका ओरडले, आणि आपलंच बोलणं ऐकून माझ्यापेक्षा जास्त दचकले.

साहेबाला मी नकार कळवला. त्यानं खांदे उडवले. दुसऱ्या दिवसापासून साठीला टेकलेले काका त्या मद्रासी कारकुनासमोर पाटी घेऊन बसू लागले. शिकणं कसलं, रोजचं भांडणच ते. "हे अक्षर लिवाचं अन् बोलाचं नाही? मंग बसवलं कायले? फुकट जागा अडवून राहिलं!" महिनाभरात कारकून माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. मी त्याला ऊन दूध पाजून काकांकडे परत पाठवला.

पुढल्या वर्षी आमच्या ओसरीवर नारायणाची शाळा भरली. काकांनी पहिला शब्द दिला, 'वॉटर'. पोरानं तीनदा म्हटला. "आता जा, मायले सांगून ये, का 'वॉटर' म्हंजे काय." प्रत्येक शब्दाला पोराची चुलीपर्यंत एक फेरी. सकाळभरात चार शब्द होत. मी कुरकुरलो, तर काकांनी डोळे वटारले. "तुले घाई असन. मले नाही."

एकदा 'लीफ' सांगायला गेलेला नारायण लवकर येईना. आत मायलेकांचं काहीतरी खुसखुसत चाललं होतं. मी हाक मारणार, तोच काकांनी हातानंच मला गप्प केलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

नारायण धावत बाहेर आला. "काका, माय इचारते, अंबाडीच्या भाजीले इंग्रजीत काय म्हन्तेत?"

काकांना ते येत नव्हतं. कारकुनाला तरी कुठं येणार, असं माझ्या मनात आलं. पण काकांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि भर उन्हात ओसरी उतरले.

"मायले म्हन, बस जराशी. आलोच इचारून."