रद्द पदाच्या केकची हकिकत

बुधवारी दुपारी तीन वाजता खोक्यांच्या कारखान्याच्या माजी नियोजनप्रमुख बाईसाहेब आपल्या वकील नणंदेसह मालकांच्या बैठकीच्या खोलीत दाखल जाहल्या, आणि त्यांचे यजमान बाहेर तान्ह्या लेकीस मांडीवर घेऊन, दुपटी, बाटली व खुळखुळा ऐसा दारूगोळा जय्यत ठेवून चौकी धरून बसले.

लढाईचे मूळ ऐसे की, बाईसाहेब बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मालकसाहेबांनी फर्मान धाडिले जे, तुमचे पदच रद्द जाहले, सबब तुम्ही बरतर्फ. आणि मग अनुभवाच्या दाखल्यावर ‘कामात लक्ष नव्हते’ ऐसा शेरा मारिला. तो शेरा पाहोन नव्या नोकऱ्या दारातूनच माघारी फिरल्या. भरपाई मिळती तर बाईसाहेब नको न म्हणत्या, परंतु मोहीम निघाली ती शेरा पुसावयास.

मधोमध मध्यस्थ, निवृत्त न्यायाधीश, साखरेचे पथ्य असलेले. मालकसाहेबांनी प्रथम दयेचा मोर्चा लाविला की, आमचे दौलतीत मातृत्वाचा मोठा मान, आम्ही बाईंस बाळासाठी मोकळीक बहाल केली. आणि मग तोफ डागिली की, पदच नाही तर अन्याय कोणावर? बाईसाहेबांचे कान तापले.

“वहिनी, तुम्ही गप्प बसा,” नणंद पुटपुटली. “तुम्ही बोललात तर ते भांडण, मी बोलले तर युक्तिवाद.”

आता त्या कारखान्याचा रिवाज ऐसा की, कोणास बढती मिळाली म्हणजे चार वाजता बैठकीच्या खोलीत केक कापावा, आणि पाहुणे असतील त्यांस पहिला तुकडा द्यावा. हा रिवाज खासा साहेबांनीच पाडिला, आणि त्या दिवशी तो तहकूब ठेवण्याचा हुकूम देण्याचे साहेबांसच स्मरण न राहिले. चार वाजले आणि शिपाईमामा केक घेऊन आत शिरले.

“साहेब, सुरी तुमच्याच हातानं.”

मध्यस्थांस खाणे मना, म्हणोन त्यांनी केक वाचून काढिला. वरी मलईच्या अक्षरांत ‘नव्या नियोजनप्रमुख मॅडमचे अभिनंदन’.

“पद रद्द झालं होतं ना?” मध्यस्थ म्हणाले.

“हे जरा वेगळं नियोजन आहे,” साहेब म्हणाले.

“मामा, कापू नका,” नणंद म्हणाली. “साक्षीदार आहे आमचा.”

इतक्यात बाहेर कन्येने रणशिंग फुंकिले, आणि दारात नव्या नियोजनप्रमुख उभ्या राहिल्या, नाकास रुमाल लावून. त्यांनी अर्ज केला की, मला केक नको, चार दिवस कसलाच वास सोसवत नाही. बाईसाहेबांस ते लक्षण ओळखीचे वाटले, परंतु नणंदेचा हुकूम स्मरोन त्या गप्प राहिल्या.

मग तह जाहला. शेरा रद्द, नवा दाखला, भरपाई आणि लेखी दिलगिरी, ऐशी कलमे कबूल करून साहेबांनी सही केली, तिचे शेजारी मलईचे बोट उमटले. येणेप्रमाणे बाईसाहेबांची फत्ते जाहली, आणि लेकीने यजमानांच्या सदऱ्यावर दूध काढून त्या फत्तेस दुजोरा दिला. दुसरे दिवशी कारखान्यात केकचा रिवाज बंद जाहला.

शुक्रवारी सकाळी नव्या नियोजनप्रमुखांचा निरोप फोनवर आला: “ताई, तुमच्या नणंदबाईंचा नंबर मिळेल का? ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही.”

बाईसाहेबांनी नंबर धाडिला. साहेबांस अद्याप खबर नाही.