अठरा दरवाजे सर केल्याची हकीकत

श्री. विघ्ने दूर करणारा, सिग्नल हिरवा करणारा आणि रांग पुढे सरकविणारा जो कोणी समर्थ असेल तो प्रसन्न असो. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध नवमी, शुक्रवार, ते दिवशी एका थोर महानगरी जुनी इयत्ता संपोन नवी सुरू होणे, या दोहोंमध्ये पाठशाळांस दहा रोजांची सुटी जाहली. आणि घरोघरी मातापिता भयभीत जाहले, की आता ही मुले दिवसभर घरीच असणार. त्या महानगरी चौदा मजल्यांची एक इमारत, आणि तिचे नववे मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर व एक गॅलरी इतका मुलूख यशोधनराव कर्णिक यांचे अमलाखाली होता. अंमल म्हणावयाचा तो इतकाच की दारावरील पाटीवर नाव त्यांचे होते. त्यांच्या पत्नी हेमांगीबाईसाहेब कनिष्ठ महाविद्यालयी इतिहास शिकवीत, आणि सुटीचे ऐन समयी त्यांजवर बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चालोन आले. सबब कन्या रेवती, वय वर्षे नऊ, हिला सुटीत महानगर दाखविण्याची मोहीम रावांवर आली. रावांनी वर्षभरात कन्येस बहुतकरून झोपलेलीच पाहिली होती. ते मनी म्हणाले, दहा रोजांत सारी कसर भरून काढू, आणि कचेरीतून रजा घेतली.

आता रावांची कचेरी कैसी, हे सांगणे अवश्य आहे. तेथे काम करणे यापेक्षा काम जाहल्याचे तक्ते भिंतीवर उजळून दाखविणे हे मोठे मानीत. राव त्या विद्येत निपुण, आणि चौदा वर्षे तीच चाकरी केल्याने तो गुण हाडी मुरला होता. त्यांनी सुटीचे आदले दिवशी संगणकावर तक्ता मांडिला. तारांगण, मत्स्यालय, विज्ञान केंद्र, प्राणिसंग्रहालय, मातीची भांडी करण्याची कार्यशाळा, मॉलमधील बर्फाचे उद्यान, ऐसे करोन अठरा गड, नऊ रोज, प्रतिदिनी दोन. गड सर जाहला की हिरवा रंग. मग कन्येस हुजूर बोलाविले आणि तक्ता दाखविला. कन्येने तो खालवर पाहिला आणि म्हणाली, "बाबा, यात देवमासा कुठंय?"

रावांनी पुसिले, कोणता देवमासा. तेव्हा कन्येने सांगितले, की संग्रहालयात देवमाशाचा सबंध सांगाडा छतास टांगलेला आहे, असे तिने पुस्तकात वाचिले, आणि तो तिला पाहणे आहे. "मला तेवढंच बघायचंय. बाकी नाही नेलंस तरी चालेल."

"तेवढंच काय? संग्रहालय आहे ना सातव्या नंबरवर," राव म्हणाले. "आणि वर सतरा ठिकाणं फुकट!"

कन्या समाधान पावली आणि सातव्या नंबराची वाट पाहू लागली.

आणखी एक मजकूर असा, की त्या इमारतीत सुटीचे नववे दिवशी, शनिवारी सायंकाळी, क्लबहाउसात बालदरबार भरवीत. प्रत्येक मुलाने सुटीत काय काय पाहिले त्याची चित्रे पडद्यावर दाखवावी आणि चार शब्द बोलावे, ऐसी चाल. नावास दरबार मुलांचा, परंतु पुढील खुर्च्यांवर माना ताठ करोन पालक बसत. गतवर्षी बारावे मजल्याचे विक्रांतराव धुरंधर यांनी आपल्या जुळ्या मुलांची पंधरा स्थळे दाखविली होती, आणि कर्णिकांची कन्या एक बाग व एक आजारपण इतक्यावर खाली बसली होती. ते शल्य रावांचे उरी होते. अठरा हा आकडा कोठून आला, हे यावरून ध्यानी येईल.

शुक्रवारी प्रातःकाळी कूच जाहले. रसद म्हणोन पोळीचे रोल, पाण्याच्या तीन बाटल्या, टोपी, आणि फोनास पुरवणीची बॅटरी, इतका सरंजाम घेतला. तारांगणापाशी पोहोचतात तो रांग ऐसी, की शेवटचा मनुष्य पुढील स्थळाचे दारात उभा. रावांनी घड्याळ पाहिले, तक्ता पाहिला, आणि त्यांचे बुद्धीत वीज चमकली. कन्येस दारापाशी उभी केली, "हस" म्हणाले, चित्र घेतले, आणि तारांगण हिरवे केले. कन्या म्हणाली, "आत नाही जायचं?" राव म्हणाले, "परत येऊ ना." आणि मत्स्यालयाकडे घोडे दौडविले, म्हणजे मोटार पहिल्या गिअरात चालविली. तेथेही तैसेच जाहले. राव बहुत संतोषले. मनी म्हणाले, आत जावे, दोन तास घालवावे, आणि बाहेर येता हाती काय, तर एक चित्र. तेच चित्र दारातच मिळत असता आत जाणारे लोक मूर्ख होत. यापरी दारात चित्र निघाले की गड सर जाहला, हा नवा युद्धधर्म रावांनी स्थापन केला, आणि दर गडाचे चित्र खलित्यासह हेमांगीबाईसाहेबांस रवाना होऊ लागले. बाईसाहेब तपासणी केंद्रात लाल शाईचे पेन घेऊन बसल्या असत. त्या चित्र पाहत आणि उलट लिहीत, "छान. आत काय होतं?" यास उत्तर म्हणोन राव अंगठा पाठवीत.

सोमवारी सातवा गड आला. कन्येने ते दिवशी वेणी स्वहस्ते घातली आणि मोजण्याची दोरी खिशात घेतली. परंतु सोमवारी संग्रहालय बंद असते, हे महानगरी सर्वांस ठाऊक, तक्त्यास तेवढे ठाऊक नाही. दारास हे मोठे कुलूप. दुसरा कोणी सरदार असता तर माघारी फिरता. रावांनी कन्येस ऐसी उभी केली की कुलूप तिचे पाठीआड गेले, आणि पहारेकऱ्यादेखत चित्र घेतले. कन्या हसली नाही, म्हणोन दुसरे घेतले. मग सातवा नंबर हिरवा जाहला. कन्या मोटारीत बसली आणि दोरी बोटास गुंडाळीत म्हणाली, "परत येऊ ना?" राव म्हणाले, "शंभर टक्के."

गुरुवारी मार्ग तेथूनच होता. पावणेपाचास पोहोचले. पहारेकरी म्हणाला, "साहेब, साडेचारला तिकीट बंद होतं. लवकर यायचं ना जरा." राव लवकर कैसे येणार, ते दुपारी मॉलमधील बर्फाचे उद्यानाचे दार घेण्यात गुंतले होते. शुक्रवारी मोटार त्याच इमारतीवरून उड्डाणपुलाने गेली. कन्येने काचेस नाक लाविले आणि तो घुमट दिसेनासा होईतो पाहिला. ते दिवशी तिने परत येण्याचे काही पुसिले नाही. रावांनी समाधान मानिले, की पोरीने हट्ट सोडला, शहाणी जाहली. शनिवारी दुपारी अठरावा गड हिरवा केला. तक्ता पाहून रावांचे डोळे भरोन आले, आणि ऐसा पिता या इमारतीत दुसरा नाही ऐसे त्यांस खरोखर वाटले.

सायंकाळी दरबार भरला. बाईसाहेब गठ्ठा घरी ठेवून आल्या. पुढे विक्रांतराव धुरंधर फोन मांडीवर ठेवून बसले होते आणि यंदा सतरा स्थळे आहेत ऐसे शेजाऱ्यास सहज ऐकू जाईल ऐसे सांगत होते. हे ऐकोन राव गालातल्या गालात हसले. रेवतीचा पुकारा जाहला. चित्रे पडद्यावर येऊ लागली आणि ती एकेका स्थळाचे नाव सांगू लागली. पहिले चित्र, रेवती आणि दार. दुसरे चित्र, रेवती आणि दार. तिसरे, चौथे, पाचवे तैसेच. लाकडी दार, काचेचे दार, लोखंडी फाटक, सरकते दार. एकेक चित्र फोनावर पाहता जे दिसले नव्हते, ते अठरा चित्रे ओळीने भिंतीएवढी पाहता दिसले. दरबारात कुजबुज जाहली. कोणी म्हणाला, "दारं विकतात का हे?" आणि मागील रांगेत हशा पिकला. रावांचे कान तापले. तरी ते मनी म्हणत होते, अठरा आहेत, अठरा ते अठराच.

तळमजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर, तोरणेगुरुजी, दृष्टी मंद असल्याने पुढेच बसत. त्यांस दारांचा घोळ काही दिसला नाही. त्यांनी संग्रहालयाचे नाव तेवढे ऐकिले आणि प्रेमाने पुसिले, "काय गं बाळ, तिथला देवमासा केवढा आहे? आमच्या लहानपणी पाहिला होता. आता आठवत नाही."

रेवती म्हणाली, "माहीत नाही, आजोबा. आम्ही दारापर्यंत गेलो होतो." आणि थोडे थांबोन म्हणाली, "सगळीकडेच." लोक मोठ्याने हसले. तेव्हा तिने वळोन बापाकडे पाहिले. बापाचा चेहरा पडलेला पाहून ती घाईघाईने माइकात बोलली, "पण बाबा म्हणालाय, परत येऊ."

हे बोल रावांस लागले. पोर रागावती, रडती, चुगली करती, तर रावांनी निभावले असते. तिने भर दरबारात बापाची बाजू सावरली. ते समयी राव आपुल्या पायांतील बुटांकडे पाहत राहिले आणि त्यांस मोठी लाज वाटली. विक्रांतराव धुरंधर यांनी मात्र फोन खिशात घातला आणि नेटवर्क नाही ऐसे सांगोन आपल्या सतरा स्थळांसह क्लबहाउसातून पळ काढिला. त्यावरून त्यांची स्थळेही कोठवर गेली होती, हे सुज्ञांनी ओळखिले.

घरी येता बाईसाहेबांनी चहा टाकिला. तक्ता संगणकावर अजून उघडा होता, अठरा ओळी हिरव्यागार. बाईसाहेब तो पाहून म्हणाल्या, "यशोधन, रोज असे पन्नास पेपर बघते मी. पुरवण्यांवर पुरवण्या. अक्षर सुंदर, समासबिमास आखलेला. पानं भरलेली असतात रे, उत्तर नसतं."

"किती मार्क देतेस अशांना?" राव हळूच म्हणाले.

"लिहिलंय म्हणून एखादा."

रावांनी तक्ता मिटला आणि पुसिले, "उद्या रविवार आहे. उघडं असेल ना?" बाईसाहेब म्हणाल्या, "दहाला उघडतं. मी पण येते. गठ्ठा कुठे पळून जात नाही."

चैत्र वद्य तृतीया, रविवार, सुटीचा अखेरचा दिवस. साडेनवास तिघे दारी हजर. पहारेकरी तोच. त्याने रावांस ओळखिले आणि म्हणाला, "आज फोटोला लवकर आलात साहेब?" आत जाता दुसरा पहारा लागला. सांगाड्याचे दालनात दुरुस्ती चालली होती, सबब फोन व कॅमेरा आत नेण्यास मनाई, कपाटात ठेवून किल्ली घ्यावी. रावांचा हात खिशावर गेला आणि तेथेच राहिला. चौदा वर्षांत रावांनी पुराव्यावाचून काही केले नव्हते. चित्र नाही तर आलो हे खरे कशावरून, आणि सातवा नंबर आज खरोखर हिरवा होत असता तो कोणास दाखवावा, ऐसा प्रश्न त्यांस पडला. तोवर कन्या दुसऱ्या हातास धरोन ओढू लागली. "बाबा, चल ना." रावांनी शस्त्र खाली ठेविले आणि आत गेले.

आत तो होता. छतास तारांनी टांगलेला, या भिंतीपासोन त्या भिंतीपर्यंत, बरगड्या उलट्या होडीसारख्या. रेवतीचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. खिशातील दोरी तिने काढिली आणि परत ठेविली, ती कोठे पुरणार. मग शेपटीखाली टाचा जुळवोन उभी राहिली आणि जबड्यापर्यंत पावले मोजीत गेली. खात्री होईना म्हणोन उलट मोजीत आली. मग रावांस चालविले. राव मोजीत गेले आणि अर्ध्यात आकडा चुकले, म्हणोन पुनः पहिल्यापासून गेले. कन्या बरगड्यांखाली फरशीवर उताणी निजली आणि म्हणाली, "तू पण झोप ना इथे. आत गेल्यासारखं वाटतं." राव इकडे तिकडे पाहून निजले. पहारेकरी धावत आला. "ओ साहेब, हे काय करताय?"

बाईसाहेब म्हणाल्या, "राहू द्या हो जरा. नऊ दिवस नुसते दारात उभे होते."

राव उताणे पडोन वर पाहत होते. कन्या त्यांचे दंडावर डोके ठेवून एकेक हाड बोटाने दाखवीत होती आणि अखंड बोलत होती. ती इतकी बोलते, हे रावांस ठाऊकच नव्हते. त्यांस नऊ रोज हुकले याचे फार वाईट वाटले, आणि हा एक हाती लागला याचा आनंदही फार जाहला. बारा वाजेतो ते तिघे त्या एकाच दालनात होते.

सायंकाळी तळमजल्यावर तोरणेगुरुजींचे दाराची घंटी वाजली. गुरुजींनी दार उघडिले तो रेवती उभी, मागे राव.

"आजोबा, सव्वीस पावलं," ती म्हणाली. "माझी. बाबाची सतरा. आम्ही दोनदा मोजलं."

"असं? मग आत ये की," गुरुजी म्हणाले. "दारात काय उभी? बैस आणि नीट सांग."

राव सवयीने बाहेरच थांबले होते. तेही चपला काढोन आत गेले.

एणेप्रमाणे दहा रोजांत अठरा गड घेतले. त्यांची चित्रे यशोधनरावांचे फोनात आहेत, ज्यास दारांची हौस असेल त्याने पाहावी. पैकी एकच गड खरा घेतला, त्याचे चित्र कोणाकडेही नाही, सबब हे लिहून ठेवणे प्राप्त जाहले. वाचणाऱ्याने खरे मानावे. न मानील त्याने सोमवार टाळोन, साडेचारचे आत जावे आणि पावले मोजावी.