चौथीच्या फळ्याचं पदव्युत्तर शिक्षण

बोरगव्हाणच्या शाळेतल्या चौथीच्या फळ्याने शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली, तीही पहिल्या झटक्यात. त्याच्याच वर्गावरच्या वनमाला घुगरेबाईही त्याच्यासोबत परीक्षेला बसल्या होत्या.

झालं असं, की वरून परिपत्रक आलं. ज्या साधनाकडे पदवी नसेल, त्याचं दोन वर्षांनी निर्लेखन होईल. निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून नाव खोडायचं आणि वस्तू भंगारात. याच फळ्यावर बाई स्वतः लहानपणी भागाकार शिकल्या होत्या. त्यांनी आपल्या अर्जाबरोबर फळ्याचाही अर्ज भरला. आईच्या नावाच्या रकान्यात 'सागवान' लिहिलं. विद्यापीठाने काही हरकत घेतली नाही, फक्त फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा मागितला.

मग दर रविवारी दोघं एसटीने तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर जायला लागली. प्राध्यापक सांगतील ते बाई वहीत उतरवायच्या, फळा अंगावर. पण अभ्यासात गडी एक नंबर! हजेरी पूर्ण, गृहपाठ वेळेवर, तासाला कधी चुळबूळ म्हणून नाही. बाईंना त्याचं भारी कौतुक. "नाहीतर मी! जेवण झालं की डुलक्या काढते," असं त्या कुणालाही मोकळेपणाने सांगायच्या.

घोडं अडलं ते शेवटच्या पेपरला. पेपरचं नाव 'चिंतन'. दोन वर्षांत काय शिकलात, ते स्वतःच्या हस्ताक्षरात मांडायचं.

"बाई, मला हस्ताक्षरच नाही," फळा म्हणाला. "अंगावर आलं ते सगळं दुसऱ्याचं, आणि तेही पुसून गेलं."

"मी देते की लिहून."

"ती कॉपी होईल."

बाईंनी उचललेला खडू परत खाली ठेवला.

मंगळवारी भर वर्गात परीक्षक आले. डॉ. वालावलकर त्यांचं नाव. निर्लेखनाचा नमुना त्यांनी येतानाच आणला होता, नुसती सही बाकी.

"हं, चिंतन दाखवा."

फळा कोराच राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डॉक्टरांना राहवेना. "अहो, एवढं काय अवघड आहे त्यात? हे असं मांडायचं!" म्हणत त्यांनी खडू उचलला. अठरा वर्षांत त्यांनी खडूला हात लावला नव्हता. त्यांनी एक शिडी काढली. वर शिक्षक, मध्ये साधन, तळाला विद्यार्थी.

"सर, आम्ही तळाला का?" वर्गातून आवाज आला.

"पुस्तकात तसंच आहे."

"पण का?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, कपाळ पांढरं झालं. त्यांनी तळहातानेच पुसलं आणि पोरांना वर नेलं, तर शिक्षक कुठे ठेवावा ते जमेना. पुन्हा पुसलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एकही पोरगं जागचं हललं नाही. शेवटी त्यांनी शिडीच पुसून टाकली, मोठा गोल काढला आणि सगळ्यांना त्यात बसवलं. "अरेच्चा!" ते स्वतःशीच म्हणाले.

मग खुर्चीत बसून त्यांनी नमुन्यावर शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचला: "उमेदवार एक अक्षर बोलला नाही. परीक्षक शिकले. निर्लेखनास अपात्र."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. ती त्यांनी लपवली नाही.

"आता तुमचं चिंतन, घुगरेबाई."

बाईंनी चाळीस पानांची फाइल पुढे केली. डॉक्टरांनी ती न उघडताच बाजूला ठेवली आणि वर्गाला विचारलं, "दोन वर्षांत तुमच्या बाई काय शिकल्या?"

पहिल्या बाकावरची रुक्साना उभी राहिली. "सर, आधी बाई नुसतं पुसायच्या. आता फळा पुसायच्या आधी आम्हाला पुसतात, कळलं का म्हणून."

डॉक्टरांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

निकालात फळा पहिला आला, बाई दुसऱ्या. बाईंनी गावभर पेढे वाटले, ते फळ्याच्या नावाचे. फळा चौथीच्याच भिंतीवर आहे. त्याची पदवी बाई रोज सकाळी त्याच्या कोपऱ्यात खडूने लिहितात, कारण संध्याकाळपर्यंत ती पुसलेली असते.