वजिराची हिरवी साडी

डिलाईल रोडच्या चाळीत शामरावांनी भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवला होता. रविवारी पटांगणात ग्रँडमास्टर मृणालिनी एकाच वेळी वीस जणांशी बुद्धिबळ खेळणार होती, आणि जो सगळ्यात चांगला लढेल त्याला सही केलेला पट देणार होती. तो पट आपल्याच खोलीत लागणार, हे शामराव नाक्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते.

"बाबा, ती भल्याभल्यांना पाणी पाजते," सून आकांक्षा म्हणाली.

"आणि तुझ्या मोबाइलमधलं बुद्धिबळाचं मशीन तिलाही पाजतं. जगज्जेतासुद्धा त्याच्यापुढे टिकत नाही. झालं तर मग."

खेळणाऱ्यांचे मोबाइल गेटवर जमा होणार होते. पण गॅलरीतली दोरी कोण जमा करून घेणार? ठरलं असं, की आकांक्षाने वरून पट बघायचा, मशीनला विचारायचं आणि त्याप्रमाणे कपडे वाळत घालायचे. टॉवेल म्हणजे प्यादं, शर्ट म्हणजे घोडा, बनियन उंट, चादर हत्ती, साडी वजीर, धोतर राजा. दोरीच्या आठ गाठी म्हणजे पटाच्या आठ उभ्या ओळी, आणि जितके चिमटे तितक्या नंबरचं त्या ओळीतलं घर.

मृणालिनी एकेका पटापुढे जेमतेम पाच सेकंद थांबायची. वीसच्या वीस डाव डोक्यात, कागद नाही की पेन नाही. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. शामरावांपुढे मात्र तिचा पाय अडायला लागला. चौदाव्या खेळीनंतर तर तिने चक्क खुर्ची मागवली, आणि शामरावांचा हात मिशीवर गेला.

मग दोरीवर साडी आली. हिरवी, सातव्या गाठीवर, सहा चिमटे लावून.

शामरावांनी चिमटे पुन्हा मोजले. तिथे वजीर ठेवला की तिचं प्यादं तिरकं येऊन त्याला फुकटात खाणार. पण मशीनला दिसतं ते माणसाला थोडंच दिसतं? त्यांनी डोळे मिटून वजीर ठेवला.

आकांक्षा मशीनचं उत्तर घेऊन गॅलरीत आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या सुंदराबाईंनी दोरी मोकळी बघून आपली साडी टाकली होती. वारा सुटलेला, म्हणून चिमटे सहा.

मृणालिनीने पट बघितला, मग वर गॅलरीकडे बघितलं, आणि शांतपणे वजीर उचलला. खाली वाकून ती हळूच म्हणाली, "काका, चौदा खेळ्या मशीनच्या होत्या. मी हरल्यातच जमा होते. ही मात्र मशीनची नाही, तुमचीही नाही. ती हिरवी साडी कोणाची?"

वीस डाव खेळता खेळता हिने दोरीसुद्धा वाचली होती! शामरावांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"सुंदराबाईंची," ते पुटपुटले. "चुकलं माझं, ताई. पण मशीन गेलं उडत, तुम्हीच भारी."

"दोरीवरचे कपडे काढायला सांगा. आता आपण दोघंच खेळू."

अकरा खेळ्यांत शामराव आडवे झाले. मृणालिनीने मात्र चाळीत कोणाला काही कळू दिलं नाही. शेवटी तिने पटावर सही केली आणि तो सुंदराबाईंच्या हातात ठेवला. "आज मला यांनीच वाचवलं," एवढंच म्हणाली.

सुंदराबाईंना अजून काही कळलेलं नाही. पट त्यांच्या टीव्हीच्या वर लागलाय. शामरावांच्या खिळ्यावर सध्या टॉवेल वाळतो.