टाकी पास करणारे युसूफचाचा

युसूफचाचांकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला चहा लगेच मिळत नाही. आधी त्याला घरामागे नेऊन संडासाची टाकी दाखवली जाते. झाकणावर काठी आपटून चाचा कान देतात आणि म्हणतात, "ऐकलंत? माणसाचं खानदान दिवाणखान्यात नाही कळत, टाकीवर कळतं."

पनवेलमधल्या आमच्या गल्लीत मलवाहिनी अजून आलेली नाही, त्यामुळे ज्याची त्याची टाकी. चाचांचं आयुष्य आखातात सांडपाण्याच्या पंपांवर गेलं. बाकीचे तिकडून सोनं घेऊन आले, चाचा मतं घेऊन आले. हवेच्या पाइपाला जाळी हवी, टाकी वेळेवर उपसलीच पाहिजे, आणि तिचं पाणी पावसाळी गटारात सोडणं म्हणजे सरळ गुनाह. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मी मुलाच्या नोकरीबद्दल सांगत होतो, आणि चाचांनी मुलाकडची टाकी किती खणांची आहे ते विचारलं. मला माहीत नव्हतं. मुलीला विहिरीत ढकलायला निघालोय, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी फोन करून विचारावं लागलं. टाकी दोन खणांची निघाली आणि चाचांनी लग्नाला होकार दिला.

तर गेल्या वर्षी शेजारच्या जनार्दन पाटलांची टाकी फुटली आणि पाणी गटारात वाहू लागलं. पाटलांचं घर म्हणजे मुलं, सुना, नातवंडं, पाहुणे, सगळं भरलेलं. चाचांनी आधी दोनदा सांगून पाहिलं, मग पालिकेत तक्रार केली, तीही स्वतःच्या नावानं. माणूस येऊन बघून गेला. टाकी दुरुस्त होईपर्यंत संडास बंद, अशी नोटीस दाराला लागली.

पाटील तणतणत आले. मीही मागोमाग गेलो, भांडण सोडवायला म्हणा किंवा बघायला म्हणा.

"चाचा, आमच्या पान्याचा तुमाला काय तरास?"

चाचा शांतपणे म्हणाले, "गटार नदीत जातं, नदी खाडीत. खाडीतली बोई तुमचा मेहुणा पकडतो आणि ती मी खातो."

पाटलांनी विचारलं, की एवढ्या माणसांनी तोवर जायचं कुठं?

"माझ्याकडे," चाचा म्हणाले. "टाकी दणकट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाटलांचं अख्खं घर टॉवेल घेऊन चाचांच्या ओट्यावर. चाचा इस्त्रीची लुंगी नेसून, लग्नघरी वधुपित्यानं उभं राहावं तसे दारात. रांगेतल्यांना चहा आणि खारी. आत वेळ लावणाऱ्याला बाहेरून खाकरून इशारा. चाची वारल्यापासून त्या घरात एका माणसाचाच आवाज होता, मुलगा कुवेतला. आता पाटलांच्या हिराबाई, नुसतं बसून काय करायचं म्हणून, चाचांच्या चुलीवर भाकऱ्या थापू लागल्या. नातवंडं चाचांची काठी घेऊन गल्लीभर झाकणं बडवत फिरायची.

गवंड्यानं काम संपवलं. पालिकेचा माणूस येऊन टाकी बघून गेला, ठीक आहे म्हणाला. चाचांनी मात्र पास केली नाही. आधी सिमेंट मुरलं नाही म्हणाले. मग पाइपाची जाळी बदलायला लावली. मग टाकी पाण्यानं भरून खूण करून ठेवली, आणि सकाळी जाहीर केलं, की बोटभर पाणी उतरलंय, म्हणजे गळती आहे.

पाटील परत तापले. मला राहवलं नाही. पाटलांच्या घरामागे जाऊन झाकण सरकवून पाहिलं, तर पाणी खुणेला लागून होतं, केसभरही हललेलं नव्हतं. परत येऊन हिराबाईंना हळूच सांगितलं.

त्या पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ठाव हाय मला. मी पन बघितलं सकाली."

"मग बोलला का नाहीत?"

"चाचांनी काल पोरांसाठी गुलाबाचा साबन आनलाय," त्या म्हणाल्या. "नवा हाय, आजून भिजला पन नाय."

मग त्यांनी कुंपणाकडे तोंड करून नवऱ्याला सांगितलं, की चाचा बोटभर म्हणतात तर बोटभर, आणि पोरांना लवकर पाठवा, चाचा कधीचे दारात उभे आहेत.